कंपनीचा नोंदणीकृत पत्ता : कायदा आपल्याला कुठे शोधतो?

आपल्या वस्त्यांमधली आणि गावांमधली शिकलेली मुले-मुली आता नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत बसत नाहीत. कुणी हाऊसकीपिंगचे कंत्राट घेते, कुणी सॉफ्टवेअरचे काम करते, तर कुणी गावातल्या शेतकऱ्यांना जोडून उत्पादक कंपनी काढते. कंपनीचे नाव काय ठेवायचे, लोगो कसा असावा, भांडवल किती घालायचे यावर महिना-महिना चर्चा होते. अर्जातला पत्त्याचा रकाना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत भरला जातो. "माझ्या मामाच्या घरचा टाक", "सीए म्हणाला त्याच्याच ऑफिसचा देतो", एवढ्यावर विषय संपतो.

प्रत्यक्षात कंपनीच्या कागदपत्रांमधली ही सर्वात जबाबदारीची ओळ आहे. नोंदणीकृत पत्ता कंपनीच्या सोयीसाठी नसतो. सरकार, बँक, ग्राहक, देणेकरी आणि कामगार यांना कंपनी सापडावी म्हणून तो असतो. म्हणून हा विषय दोन बाजूंनी समजून घेतला पाहिजे. कंपनी काढणाऱ्याने तो समजून घ्यावा आणि कंपनीला जाब विचारणाऱ्यानेही.

नोंदणीकृत कार्यालय म्हणजे काय?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीला स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत आणि त्यानंतर कायम एक नोंदणीकृत कार्यालय असावेच लागते. त्या जागी कंपनीच्या नावे आलेली पत्रे आणि नोटिसा स्वीकारल्या गेल्या पाहिजेत आणि त्यांची पोच देता आली पाहिजे. कायद्याची कसोटी एवढीच आहे. कार्यालय मोठे असावे, एसी असावे, व्यापारी इमारतीतच असावे असे कुठेही म्हटलेले नाही. दहा बाय दहाची खोलीही चालते, पण पोस्टमन आला तर दार उघडून सही करणारे माणूस तिथे हवे.

नोंदणी करताना कार्यालयाची जागा ठरलेली नसेल, तर तात्पुरता पत्रव्यवहाराचा पत्ता देता येतो. मात्र ३० दिवसांच्या आत खरा पत्ता पुराव्यासह कंपनी निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ कंपनीज किंवा आरओसीकडे, आयएनसी-२२ या फॉर्मने कळवावा लागतो. भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीला धंदा सुरू करण्यापूर्वी १८० दिवसांच्या आत एक घोषणापत्र द्यावे लागते, आणि पत्त्याची पडताळणी झालेली असणे ही त्याची एक अट आहे.

याच कलमात एक तरतूद आहे, जी फार कमी लोक पाळतात. कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता असलेली पाटी बाहेर, सहज दिसेल अशी लावावी लागते. ती त्या भागात वापरल्या जाणाऱ्या लिपीतही हवी. महाराष्ट्रात याचा अर्थ सरळ आहे. फक्त इंग्रजी पाटी पुरेशी नाही, देवनागरीतही हवी. ही पाटी कंपनी जिथे जिथे काम करते त्या प्रत्येक जागेबाहेर लागते. शिवाय लेटरहेड, बिलबुक आणि अधिकृत पत्रांवर नाव, पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल छापावा लागतो.

या तरतुदी मोडल्या तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना प्रत्येक दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड आहे. एकल व्यक्ती कंपनी, छोटी कंपनी, स्टार्टअप आणि उत्पादक कंपनी यांना कलम ४४६-ब नुसार निम्म्याची सवलत मिळते. पण निम्मा दंडसुद्धा नव्या माणसाचे भांडवल खाऊन टाकू शकतो.

पुरावा कोणता लागतो?

जागा कंपनीच्या स्वतःच्या नावावर असेल तर मालकीचा नोंदणीकृत दस्त चालतो. भाड्याची असेल तर कंपनीच्या नावाचा नोटरी केलेला भाडेकरार आणि एक महिन्याच्या आतली भाडेपावती लागते. जागा घरच्या किंवा ओळखीच्या माणसाची असेल तर मालकाचे किंवा अधिकृत वहिवाटदाराचे संमतीपत्र आणि त्याच्या हक्काचा पुरावा लागतो. आपण त्याला ना हरकत पत्र किंवा एनओसी म्हणतो. यासोबत वीज, गॅस किंवा टेलिफोनचे बिल द्यावे लागते. ते दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही.

कागदावर हे सोपे दिसते. अडचण आपल्या घरांमध्ये येते. वीजबिल आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन पंधरा वर्षे झालेली असतात. चाळीतल्या खोलीची भाडेपावती मोठ्या काकांच्या नावावर असते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, पण त्यावरचे नाव आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नाही. अशा वेळी एजंट म्हणतो, "काळजी करू नका, कागद मी बनवून देतो." बनवलेला कागद म्हणजे खोटा कागद. स्थापनेच्या वेळी खोटी माहिती दिली तर कलम ७ नुसार ते फसवणुकीच्या गुन्ह्यात मोडते, आणि सही संचालकाची असते, एजंटची नसते. म्हणून कंपनीचा विचार डोक्यात आला की पहिले काम हे करावे : वीजबिलावरचे नाव बदलून घ्यावे, वारसनोंद करून घ्यावी. याला दोन-तीन महिने लागले तरी चालतील.

भाड्याने जागा घेण्यातली दुसरी अडचण कायद्यात लिहिलेली नाही, पण आपल्याला माहीत आहे. फोनवर हो म्हणणारा मालक आडनाव ऐकल्यावर "जागा गेली" म्हणतो. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार किंवा जाचक अटी कशा मिळतात, हे त्यात मांडले आहे. जे घराच्या बाबतीत घडते त्याची झळ कार्यालय शोधणाऱ्यालाही बसते. त्यामुळेच अनेक तरुण नाइलाजाने दुसऱ्याचा पत्ता वापरतात. नाइलाज समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमतही माहीत असली पाहिजे.

घरचा पत्ता, भाड्याचा पत्ता, दुसऱ्याचा पत्ता

घरचा पत्ता देण्यात कमीपणा नाही. सुरुवातीला तोच सर्वात सुरक्षित असतो, कारण तिथे कुणीतरी घरी असते. फक्त घरच्यांना सांगून ठेवावे की कंपनीच्या नावाचे पाकीट आले तर परत पाठवायचे नाही, सही करून घ्यायचे आणि त्याच दिवशी फोन करायचा. "आमच्याकडे या नावाची कंपनी नाही" असे आईने भाबडेपणाने सांगितले, तर तो शेरा पाकिटावर लिहून सरकारकडे परत जातो.

सीए किंवा सल्लागाराचा पत्ता सोयीचा वाटतो, पण फीवरून वाद झाला, त्याने ऑफिस हलवले किंवा टपाल त्याच्या टेबलावर पडून राहिले, तर नुकसान आपले होते. "व्हर्च्युअल ऑफिस" म्हणजे वार्षिक पैसे भरून मिळणारा पत्ता आज शहरांत सहज मिळतो. तिथे तीन गोष्टी तपासाव्यात. मालकाचे संमतीपत्र आणि ताजे बिल खरोखर मिळते का? टपाल स्वीकारून कळवण्याची लेखी जबाबदारी त्यांनी घेतली आहे का? आणि वर्षाचे पैसे थकले तर पत्त्याचे काय होणार? कारण पैसे थकले की ती सेवा बंद होते, पण सरकारी नोंदीत आपला पत्ता तोच राहतो.

एकाच धंद्याचे वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळे पत्ते असू शकतात, हेही लक्षात घ्यावे. जीएसटीमध्ये "व्यवसायाचे मुख्य ठिकाण" असते, गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टमध्ये दुकानाचा पत्ता असतो, बँकेत आणखी एक असू शकतो. एक बदलला म्हणून बाकीचे आपोआप बदलत नाहीत. एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीलाही २००८ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत कार्यालय ठेवावेच लागते. आपल्यातले अनेक कार्यकर्ते कंपनीऐवजी ट्रस्ट चालवतात. तिथेही धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीतल्या नोंदी बदलल्या की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो.

नोटीस "पोहोचली" म्हणजे काय?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. "मला नोटीस मिळालीच नाही" हे वाक्य आपण बचाव समजतो. कायदा वेगळा विचार करतो. कंपनी कायद्याच्या कलम २० नुसार नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने, स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने पाठवलेला, तिथे नेऊन ठेवलेला किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेला कागद ही कंपनीला केलेली बजावणी असते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे तत्त्वही असेच आहे. बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर्ड पाठवलेले पत्र पोहोचले असे धरले जाते. पोहोचले नाही हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. आणि आपणच दिलेला पत्ता आपणच बदलून घेतला नसेल, तर ते सिद्ध करणे कठीण जाते.

समजा, तीन मित्रांनी कंपनी काढली, पहिल्या वर्षी काम मिळाले, दुसऱ्या वर्षी मिळाले नाही. कार्यालयाची खोली सोडली, पत्ता तसाच राहिला. धंदा नाही म्हणून वार्षिक विवरणपत्रेही भरली नाहीत. निबंधकाची नोटीस रिकाम्या खोलीवर गेली. कलम २४८ नुसार उत्तर द्यायला ३० दिवस असतात, ते निघून गेले आणि कंपनीचे नाव नोंदवहीतून काढले गेले. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणपत्रे न भरल्यास कलम १६४ नुसार संचालक पाच वर्षे अपात्र ठरतात. त्यांना त्याच कंपनीत पुन्हा किंवा दुसऱ्या कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. चार वर्षांनी त्यातल्या एकाला चांगली संधी येते आणि तेव्हा त्याला कळते की आपण अपात्र आहोत.

हे काल्पनिक भय नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कागदोपत्री कंपन्यांविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हा दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. बँकांनाही अशा कंपन्यांच्या खात्यांवरचे व्यवहार रोखायला सांगितले गेले.

त्यानंतर पत्त्याची तपासणी अधिक कडक झाली. २०१९ मध्ये जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचे बाहेरचे आणि आतले छायाचित्र मागवले गेले. आतल्या छायाचित्रात एक संचालक किंवा प्रमुख अधिकारी दिसणे आवश्यक होते. कंपनी धंदा करत नाही असे मानायला वाजवी कारण असेल, तर निबंधक प्रत्यक्ष जागेची पडताळणी करू शकतो. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार ही पडताळणी त्या भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर होते, छायाचित्र घेतले जाते आणि गरज पडल्यास पोलिसांची मदतही घेता येते. पत्त्यावर पत्र पोहोचवणेच शक्य नाही असे आढळले, तर नाव काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

नाव काढले गेले तरी सर्व संपत नाही. कलम २५२ नुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध तीन वर्षांत अपील करता येते. कंपनी, सभासद, देणेकरी आणि कामगार यांना राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून २० वर्षांपर्यंत कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणण्यासाठी अर्ज करता येतो. यात "कामगार" हा शब्द आहे, तो कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

पत्ता बदलताना

त्याच शहरात किंवा गावात पत्ता बदलला तर संचालक मंडळाचा ठराव करून ३० दिवसांत निबंधकाला कळवावे. शहराच्या किंवा गावाच्या हद्दीबाहेर न्यायचा असेल तर सभासदांचा विशेष ठराव लागतो. एकाच राज्यात पण एका निबंधकाच्या अधिकारक्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जायचे असेल, उदाहरणार्थ मुंबईच्या निबंधकाकडून पुण्याच्या निबंधकाकडे, तर प्रादेशिक संचालकाची मंजुरी लागते. राज्य बदलायचे असेल तर कंपनीच्या मूळ घटनापत्रातच बदल करावा लागतो आणि केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून सुरुवातीलाच असे गाव निवडावे जिथे पुढची काही वर्षे आपण खरोखर राहणार आहोत. वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात, गावात घेण्याचा नियम आहे, हेही शेतकरी उत्पादक कंपन्यांनी विसरू नये. पत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी नेला की सभा गावापासून दूर जाते, आणि बायाबापड्या सभासद सभेपासून दूर जातात.

अमेरिकेतला "रजिस्टर्ड एजंट"

आपल्यातले काही तरुण परदेशी गुंतवणुकीसाठी अमेरिकेत, विशेषतः डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवतात. तिथली पद्धत वेगळी आहे. कंपनी कुठेही काम करो, तिला त्या राज्यात एक "रजिस्टर्ड एजंट" नेमावा लागतो. त्याचा राज्यात प्रत्यक्ष पत्ता असतो आणि कोर्टाचे समन्स, सरकारी नोटिसा कंपनीच्या वतीने तो स्वीकारतो. हे काम करणाऱ्या व्यावसायिक संस्था वार्षिक फी घेतात. त्यामुळे विल्मिंग्टन शहरातल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका साध्या इमारतीच्या पत्त्यावर २०१२ च्या सुमारास अडीच लाखांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या होत्या. या व्यवस्थेवर टीकाही होते, कारण पत्ता सापडतो पण मालक सापडत नाही. एजंटने काम सोडले आणि नवा नेमला नाही, तर कंपनीची सनद रद्द होऊ शकते. ब्रिटनने मार्च २०२४ पासून नुसती पोस्टाची पेटी नोंदणीकृत पत्ता म्हणून बंद केली. कागद कंपनीच्या माणसाच्या हाती पडेल असाच पत्ता तिथे आता लागतो.

भारतात असा एजंट नेमून मोकळे होता येत नाही. पत्ता कुणाचाही असो, तो जिवंत ठेवण्याची जबाबदारी कंपनीची आणि तिच्या संचालकांची असते.

आपल्या वीजबिलावर दुसऱ्याची कंपनी

या विषयाची एक काळी बाजू वस्त्यांपर्यंत येते. "योजनेचा लाभ देतो", "लोन करून देतो" असे सांगून आधार, पॅन आणि वीजबिलाच्या झेरॉक्स गोळा केल्या जातात. मग त्या कागदांवर कंपनी किंवा जीएसटी नोंदणी उभी राहते. पत्ता आपला, संचालक म्हणून नाव आपले, व्यवहार भलत्याचा. बनावट जीएसटी नोंदण्यांविरुद्ध २०२३ मध्ये देशभर खास मोहीम राबवावी लागली, यावरून प्रश्न किती पसरला आहे हे कळते.

झेरॉक्स देताना त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करावी. ओटीपी कुणालाही सांगू नये. न वाचलेल्या ना हरकत पत्रावर सही करू नये. अनोळखी कंपनीच्या नावाने पत्र आपल्या घरी आले तर ते फेकू नये. पाकिटाचा फोटो काढावा, कंपनी निबंधकाला आणि जीएसटी कार्यालयाला लेखी कळवावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी. पैशांच्या मोहाने आपला पत्ता भाड्याने देणाऱ्यालाही हेच सांगावे लागेल : महिन्याला हजार-दोन हजार मिळतील, पण चौकशी आली की ती आपल्याच दारात येईल.

कामगारासाठी हाच पत्ता

आता दुसरी बाजू. सफाईचे, सुरक्षारक्षकाचे, हाऊसकीपिंगचे काम करणाऱ्या माणसांचे पगार थकतात, पीएफ भरला जात नाही. साईटवरचा सुपरवायझर म्हणतो, "ऑफिसला विचारा." ऑफिस कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसते. इथे नोंदणीकृत पत्ता कामी येतो.

केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूलभूत माहिती पाहता येते. त्यात नोंदणीकृत पत्ता असतो. पगाराच्या चिठ्ठीवर, करारावर किंवा बिलावर २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक छापलेला असेल तर शोध सोपा होतो. त्या क्रमांकात राज्याची अक्षरे (महाराष्ट्रासाठी "एमएच") आणि स्थापनेचे वर्षही असते. ठेकेदार एकट्या मालकीचा असेल तर तो या यादीत सापडणार नाही. तेव्हा त्याच्या जीएसटी क्रमांकावरून किंवा मुख्य मालक कंपनीकडून पत्ता मिळवावा लागतो.

अर्ज किंवा वकिलाची नोटीस साईटच्या पत्त्यावर आणि नोंदणीकृत पत्त्यावर अशी दोन्हीकडे पाठवावी. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची प्रत फाईलला लावावी. पाकीट "पत्ता बदलला" म्हणून परत आले तर ते उघडू नये. ते परत आलेले पाकीटच पुरावा असते. दिवाणी दाव्यातही कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर समन्स बजावता येते. "आम्हाला काही मिळालेच नाही" असे म्हणून पळणाऱ्या कंपनीचा रस्ता या पावतीने अडतो.

थोडक्यात

कंपनी काढणाऱ्यांनी आजच चार गोष्टी तपासाव्यात. सरकारी नोंदीतला पत्ता आजही खरा आहे का? तिथे टपाल घेणारे माणूस आहे का? बाहेर देवनागरी पाटी आहे का? आणि नोंदीतला ईमेल कोण उघडतो? कार्यकर्त्यांनी पाचवी गोष्ट करावी : आपल्या भागात माणसे पुरवणाऱ्या कंपन्यांचे नोंदणीकृत पत्ते शोधून एका वहीत लिहून ठेवावेत. पगार थकल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ती वही आधी तयार असलेली बरी.